स्वागत समारंभाचे नियोजन : व्यासपीठावरची रांग आणि ताटाची रांग

पत्रिकेत स्वागत समारंभाची वेळ सायंकाळी ७ ते १० अशी छापलेली असते. सव्वासातला पहिले पाहुणे येतात तेव्हा व्यासपीठावरच्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण वधूची वेशभूषा अजून चालू असते. आठ वाजता नवदांपत्य येते, तोवर दीडशे माणसे जमलेली असतात. साडेआठला भेटीची रांग दारापर्यंत जाते, तिला कंटाळलेले लोक आधी जेवून घेऊ म्हणून जेवणाकडे वळतात आणि तिथेही तशीच रांग लागते. सव्वादहाला शेवटचे छायाचित्र निघते आणि अकराच्या सुमारास नवरा-नवरी जेवायला बसतात, तेव्हा पुऱ्या थंड झालेल्या असतात आणि गोड पदार्थ संपलेला असतो. आमच्या घरातल्या दोन कार्यांत मी हे अगदी असेच घडताना पाहिले. सजावट, साड्या आणि जेवणातले पदार्थ यांवर कित्येक आठवडे चर्चा झाली होती, परंतु या दोन रांगांचा हिशेब मात्र कोणीही कागदावर मांडला नव्हता. त्यानंतरच्या कार्यांत तो आधी मांडला आणि त्याचा फरक पाहुण्यांनाही जाणवला. पुढील मार्गदर्शन त्याच हिशेबावर उभे आहे. उदाहरणासाठी ४०० पाहुणे, मोकळे लॉन असलेले शहरातील मंगल कार्यालय आणि सायंकाळी ७ ते १० ही वेळ गृहीत धरली आहे.

दिवस ठरवताना

विवाहाला मुहूर्त लागतो, स्वागत समारंभाला लागत नाही. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही तिचा उपयोग फार थोडी कुटुंबे करून घेतात. चातुर्मासात बहुतेक घरी विवाह होत नाहीत, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरचे आणि पुढे एप्रिल-मे महिन्यांतले मोजके मुहूर्त सगळेच धरतात आणि त्या दिवशी चांगले कार्यालय, नेहमीचा केटरर आणि छायाचित्रकार हे तिघेही एकाच वेळी मिळणे अवघड होते. स्वागत समारंभ दुसऱ्या दिवशी किंवा चार दिवसांनी ठेवल्यास निवडीला वाव राहतो. त्याहून महत्त्वाचे कारण नवदांपत्याचे आहे. सकाळचा किंवा दुपारचा मुहूर्त असेल तर वधू पहाटे चारला उठलेली असते; गौरीहर, सीमांतपूजन, लग्न, सप्तपदी, पाठवणी आणि गृहप्रवेश एवढे सगळे झाल्यावर तिला पुन्हा तीन तास उभे करणे योग्य नाही. गावाहून आलेल्या नातेवाइकांच्या परतीच्या गाड्यांमुळे एकाच दिवशी दोन्ही करावे लागत असेल, तर गृहप्रवेश आणि वेशभूषा यांच्यामध्ये दोन तासांची झोप वेळापत्रकात लिहूनच ठेवावी. लिहिली नाही तर ती मिळत नाही.

तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांगात आणखी एक गोष्ट पाहावी. त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी चतुर्थी असेल, तर पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांचा उपवास असणार. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो आणि चंद्रोदय रात्री उशिरा असला, तर ही मंडळी जेवणाच्या वेळी हात राखून बसतात. असा दिवस टाळता आला तर उत्तमच. टाळता येत नसेल, तर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची उपवासाची भाजी यांचे वेगळे टेबल ठेवावे आणि तिथे तशी स्पष्ट पाटी लावावी.

मोकळ्या लॉनवर समारंभ असेल, तर ऋतूचा विचार करणे भाग आहे. मे महिन्याच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस येऊ शकतो आणि दिवाळीच्या आसपासही अवकाळी सरी येतात. पाऊस आल्यास ४०० माणसे उभी राहतील एवढे छत कुठे आहे, याचे उत्तर पैसे भरण्यापूर्वीच कार्यालयाकडून घ्यावे. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत समारंभ असल्यास ज्येष्ठांची बसण्याची सोय आतल्या सभागृहात करावी, कारण नऊ वाजल्यानंतरच्या थंडीत त्यांना उघड्यावर बसवणे बरे नव्हे.

पाहुण्यांची यादी

आपल्याकडे निमंत्रणाला येणार की नाही हे कळवण्याची पद्धत नाही, आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ या दोन शब्दांत किती माणसे मावतात ते सांगता येत नाही. म्हणून यादी माणसांची न करता घरांची करावी आणि प्रत्येक घरापुढे एकटे, जोडीने की सहकुटुंब, यांपैकी काय अपेक्षित आहे ते लिहावे. त्यापुढे आणखी एक रकाना असावा : हे घर गावातले आहे की बाहेरगावचे. गावातले लोक एक तास येऊन जातात, बाहेरगावचे लवकर येतात आणि शेवटपर्यंत थांबतात. खुर्च्या, निवास आणि सकाळचा चहा यांचा अंदाज याच रकान्यावरून बांधता येतो. वराकडची आणि वधूकडची यादी एकत्र करून दोनदा आलेली नावे काढावीत. समारंभाच्या आठ दिवस आधी दोन्हीकडच्या दोन तरुण नातेवाइकांनी प्रत्येक घरी दूरध्वनी करावा. येणार का, असे थेट विचारणे अवघड वाटते; त्याऐवजी ‘वाहन घेऊन येणार आहात का, म्हणजे लावण्याची सोय सांगून ठेवतो,’ असे विचारले की माणसांचा आकडा आपोआप कळतो आणि समोरच्यालाही अगत्य जाणवते.

कार्यालय पाहायला जाताना

कार्यालय संध्याकाळी सातच्या सुमारास पाहावे, दुपारी पाहू नये. दिवे, वाहने लावण्याची जागा, रस्त्यावरची गर्दी आणि डास हे सगळे त्याच वेळी खरे दिसते. विचारण्याच्या प्रश्नांत पहिला प्रश्न ताबा किती वाजता मिळणार हा असावा. त्याच दिवशी सकाळी तिथे दुसऱ्याचे लग्न असेल, तर जागा चार किंवा पाच वाजता मिळते आणि सजावटकाराला दोन तासांत काम उरकावे लागते. त्यानंतर वीज युनिटप्रमाणे आकारणार का, जनित्राचे डिझेल कोणाचे, बाहेरचा केटरर आणि सजावटकार चालतो का व त्यासाठी वेगळी रक्कम द्यावी लागते का, स्वच्छतेचे पैसे भाड्यात आहेत का आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळते, हे सर्व विचारून पावतीवरच लिहून घ्यावे. स्वच्छतागृहे स्वतः पाहावीत. व्यासपीठाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत का, हे न विसरता पाहावे. एकाच जिन्याचे व्यासपीठ असेल तर सजावटकाराला दुसरा जिना लावायला सांगावा.

व्यासपीठावरची रांग

आता मूळ हिशेबाकडे येऊ. पाहुणे ४०० असले तरी व्यासपीठावर ते गटागटाने येतात. एका गटात सरासरी तीन माणसे धरली तर सुमारे १३३ गट होतात. वर चढणे, नमस्कार, ओळख, आहेराचे पाकीट, छायाचित्र आणि खाली उतरणे याला एका गटामागे एक मिनिट लागले, तर एकूण १३३ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास लागतात. सात वाजता नवदांपत्य व्यासपीठावर असेल, तर हे सहज बसते. परंतु पाहुणे सारख्या अंतराने येत नाहीत. आठपर्यंत ५० गट आणि आठ ते नऊ या तासात ८० गट आले असे धरा. सातला सुरुवात झाली असेल, तर पहिले ५० गट आठपर्यंत भेटून मोकळे होतात, गर्दीच्या तासात ६० गट भेटतात आणि नऊ वाजता फक्त २० गट रांगेत उरतात. आठला सुरुवात झाली, तर नऊ वाजता ७० गट रांगेत असतात आणि शेवटच्या माणसाला सत्तर मिनिटे थांबावे लागते. एका तासाच्या उशिराची ही किंमत आहे, आणि ती यजमानाला दिसत नाही, रांगेत उभ्या असलेल्या वयस्कर माणसाला मोजावी लागते.

म्हणून पहिला नियम असा की वधूची वेशभूषा साडेसहाला संपलीच पाहिजे. वेशभूषाकार अडीच तास लागतील म्हणाल्या, तर साडेतीन तास धरावेत आणि तीन वाजता बसावे. घरच्या मंडळींची एकत्रित छायाचित्रे साडेसहा ते सात या वेळात उरकावीत. त्यासाठी कोणकोणते गट हवेत याची यादी छायाचित्रकाराला आणि घरातल्या एका व्यक्तीला आधी द्यावी. ‘आता सगळे मामाकडचे या’ अशी हाक साडेआठ वाजता दिली गेली, की रांग दहा मिनिटे जागीच थांबते. केक कापणे, चित्रफीत दाखवणे किंवा कुणाचे गाणे ठेवणे असे काही असेल, तर ते साडेनऊनंतर ठेवावे. गर्दीच्या तासात असा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम म्हणजे आणखी पंधरा गट खोळंबले असा सरळ अर्थ आहे.

दुसरा उपाय एका गटामागचा वेळ कमी करण्याचा आहे, पण तो पाहुण्याला घाई न करता साधला पाहिजे. वेळ बहुधा छायाचित्रात जात नाही, तर ओळख करून देण्यात आणि भेटवस्तू कुठे ठेवावी या गोंधळात जातो. त्यासाठी जिन्याच्या पायथ्याशी दोन्ही घरांतली एकेक जाणती व्यक्ती उभी करावी, जिला आपल्याकडची माणसे ओळखता येतात. आत्या किंवा थोरले मामा हे काम उत्तम करतात. पाहुणा वर चढत असतानाच त्यांनी ‘हे बाबांचे ऑफिसातले सहकारी, वीस वर्षे एकत्र काम केले,’ एवढे वाक्य नवदांपत्यापर्यंत पोहोचवावे. नव्या सुनेला किंवा जावयाला समोरचे माणूस कोण हे कळले, की भेट थोडक्यात झाली तरी मनापासून होते. नुसते हसून छायाचित्र काढणे आणि ओळखीचे एक वाक्य बोलणे यांत जो फरक आहे, त्यासाठीच तर हा समारंभ करायचा असतो. पाकिटे आणि भेटवस्तू घेण्यासाठी व्यासपीठावर एका विश्वासू भावंडाला पिशवी देऊन उभे करावे. चढण्याची आणि उतरण्याची बाजू वेगळी ठेवावी. एवढे केले की एका गटाला चाळीस सेकंद पुरतात, तासाला ९० गट भेटतात आणि गर्दीच्या तासातही रांग जवळजवळ लागत नाही.

ज्येष्ठ आणि चालायला त्रास असलेल्या पाहुण्यांना रांगेत उभे करू नये. पहिल्या ओळीत त्यांच्यासाठी खुर्च्या राखाव्यात आणि दर अर्ध्या तासाने नवदांपत्याने दोन मिनिटे खाली उतरून त्यांच्याजवळ जावे. नवदांपत्याला सहा वाजता काहीतरी पोटभर खायला घालावे, व्यासपीठामागे पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि नवरीच्या जरीच्या चपलांखेरीज एक साधी जोडी जवळ असू द्यावी.

ताटाची रांग

जेवणाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : पदार्थ कमी असावेत, गरम असावेत आणि शेवटच्या माणसापर्यंत पुरावेत. तीस पदार्थांच्या मांडणीत पाहुण्याला कशाचीच चव नीट लागत नाही, आणि प्रत्येक पदार्थापुढे थांबल्याने रांगही रेंगाळते. मसालेभात, एक रस्सा भाजी, एक कोरडी भाजी, अळूची पातळ भाजी, कोथिंबीर वडी, मठ्ठा, जिलेबी आणि आणखी एक गोड पदार्थ एवढ्यात उत्तम मराठी जेवण होते. हंगाम असेल तर आमरसापुढे दुसऱ्या गोडाची गरजही नसते.

बुफेच्या एका रांगेत पुढच्या माणसामागे दुसरा माणूस पंधरा सेकंदांनी सरकला, तर तासाला २४० माणसे वाढून घेतात. प्रत्यक्षात रांग गरम पोळी किंवा पुरीपाशी अडते, कारण तिथे प्रत्येकाला तीस-चाळीस सेकंद थांबावे लागते, आणि मग तासाला शंभराच्या आसपासच माणसे पुढे जातात. म्हणून पोळ्या-पुऱ्या रांगेतून काढून वाढपी पाहुण्यांमध्ये फिरवावेत. ४०० माणसांसाठी दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतील अशा दोन मांडण्या, म्हणजे एकूण चार रांगा हव्यात. कोशिंबिरी, चटण्या आणि पापड वेगळ्या टेबलावर न्यावेत. पाणी आणि उष्टी ताटे ठेवण्याची जागा रांगेपासून दूर, विरुद्ध बाजूला असावी. पाणीपुरीचा स्टॉल हवाच असेल तर दोन माणसांचा घ्यावा, अन्यथा घेऊ नये.

ज्येष्ठांसाठी चाळीस पानांची पंगत जरूर मांडावी. टेबल-खुर्चीवर बसवून, आग्रहाने, दोन वेळा मीठ-लिंबापासून वाढत गेलेले जेवण त्यांना जे समाधान देते, ते हातात ताट धरून उभ्याने जेवण्यात नाही. घरातल्या दोघा-तिघांनी इथे वाढायला उभे राहावे. यजमानांच्या हातचे वाढप अजूनही लोकांना आवडते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी आणि मधुमेह असलेल्यांसाठी काय आहे, ते वाढप्यांना माहीत असावे.

अन्नाच्या सुरक्षिततेत तडजोड नको. केटररकडे अन्नसुरक्षा परवाना असतो आणि त्याचा क्रमांक १४ अंकी असतो. तो करारपत्रावर लिहून घ्यावा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात. म्हणून सगळे जेवण सहा वाजता तयार करून ठेवण्यापेक्षा दोन घाण्यांत करावे, दुसरा घाणा साडेआठला यावा. दही, खवा आणि पनीर यांचे पदार्थ उन्हाळ्यात बर्फातच ठेवावेत आणि सरबतात घालायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे याची खात्री करावी. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि एकदाच वापरायची प्लास्टिकची भांडी यांवर बंदी आहे. स्टीलची ताटे घ्यावीत आणि ती कुठल्या पाण्याने धुतली जाणार तेही पाहावे.

वाद होतो तो ताटांच्या मोजणीवरून. एका समारंभात केटररने रात्री अकरा वाजता ठरल्यापेक्षा ऐंशी ताटे जास्त सांगितली आणि आमच्यापैकी कोणाकडेही मोजणी नव्हती, तेव्हा पैसे द्यावे लागले. त्यानंतर आम्ही ठरवले की किमान हमी ३५० ताटांची द्यायची, वरच्या ताटांचा दर आधीच लिहून घ्यायचा आणि आठ, नऊ व दहा वाजता केटररचा माणूस आणि आमचा माणूस यांनी मिळून आकडा लिहून दोघांनी सही करायची. वाद पुन्हा झाला नाही. मुले, वाहनचालक, छायाचित्रकार आणि वाद्यवृंद यांची ताटे कोणत्या दराने धरणार, तेही आधी ठरवावे. त्यांना जेवण मात्र वेळेवर आणि सन्मानाने मिळाले पाहिजे.

आवाज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. लॉनवरचा कार्यक्रम त्यामुळे पावणेदहाला संपेल असाच आखावा. सातपासून नऊपर्यंत सनई किंवा बासरी-संतूर असे हळू आवाजातले वाद्यसंगीत पुरे. वर्षानुवर्षांनी भेटलेली माणसे कानाशी तोंड नेऊन ओरडत बोलत आहेत, असे चित्र दिसले की ध्वनिक्षेपक बसवणाऱ्याला स्वतः जाऊन आवाज कमी करायला सांगावा.

त्या दिवशी कोणी काय करायचे

वधू-वरांच्या आई-वडिलांनी त्या संध्याकाळी एकही व्यवस्था पाहायची नाही. त्यांनी फक्त पाहुण्यांना भेटायचे. त्यासाठी पाच माणसे नेमावीत : एक प्रवेशद्वार आणि वाहनतळासाठी, एक व्यासपीठासाठी, एक जेवणासाठी, एक वीज, जनित्र व आवाज यांसाठी, आणि एक पैशांसाठी. या पाचांचे आणि सर्व पुरवठादारांचे क्रमांक एका कागदावर छापून प्रत्येकाच्या खिशात असावेत, कारण गर्दीत भ्रमणध्वनीवरचा समूह कोणी उघडून पाहत नाही. पाचही जणांनी चार वाजता कार्यालयात यावे, जनित्र एकदा चालू करून पाहावे, जिने हलत नाहीत ना ते चढून पाहावे आणि वाहने लावणाऱ्या माणसांना जागा दाखवावी. ४०० पाहुण्यांमागे ८० ते १०० चारचाकी येऊ शकतात. तेवढी जागा नसेल तर जवळचे मैदान किंवा शाळा आधी ठरवावी आणि तसे पत्रिकेसोबत कळवावे.

पैसे पाहणाऱ्याकडे किरकोळ रकमांची पाकिटे नावे लिहून तयार असावीत. मोठी देयके बँकेतूनच द्यावीत : एका प्रसंगासाठी एकाच व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि केटररचे बिल सहज त्यापलीकडे जाते.

आठ वाजता जेवण पाहणाऱ्याने आणखी एक काम करावे. नवदांपत्य, दोन्हीकडचे आई-वडील आणि कामात गुंतलेली भावंडे मिळून तीस माणसांचे जेवण सगळ्या पदार्थांसह डब्यांत भरून बाजूला काढून ठेवायला लावावे. दहा वाजता पुऱ्या तेवढ्या ताज्या तळून घ्याव्यात आणि नवरा-नवरीला घरच्यांच्या पंगतीत मध्ये बसवावे. त्या रात्रीचा त्यांचा पहिला निवांत अर्धा तास हाच असतो.

समारंभ संपल्यावर

उरलेले अन्न एखाद्या संस्थेला द्यायचे असेल, तर तिच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे. शिजवून बराच वेळ झालेले अन्न देऊ नये, म्हणून उरणार हे साडेनऊला दिसताच दूरध्वनी करावा. कार्यालय सोडण्यापूर्वी वीजमापकाचा आकडा, खुर्च्या आणि भांडी व्यवस्थापकासमोर मोजून पावती घ्यावी. दागिने आणि आहेराची पिशवी एकाच गाडीतून, दोन माणसांबरोबर घरी पाठवावी.

आहेराची पाकिटे दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घरांतल्या एकेका व्यक्तीसमोर उघडावीत आणि वहीत नाव, गाव आणि आहेर असे लिहून काढावे. विवाहानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, परंतु बँकेत रक्कम भरताना हीच वही आधार ठरते. ज्यांच्या पाकिटावर नाव नाही, त्यांची खूण लिहावी, कारण दोन वर्षांनी त्यांच्या घरी कार्य निघाले की वही पुन्हा उघडावी लागते. ‘आहेर आणू नये’ असे छापले असेल आणि तरीही कोणी दिला असेल, तर त्या घरी नवदांपत्याने महिन्याभरात पेढे घेऊन स्वतः जावे.